कोटिंगनंतर ट्रिगरची पिन अडकली? या चुका टाळा

एअर रायफल कोटिंगला दिली तेव्हा मी स्प्रिंग, पिस्टन, सील सगळं काढलं होतं. ट्रिगरची पिन तेवढी राहू दिली, कारण ती निघताना नेहमीच त्रास द्यायची. पहिली चूक तीच. रबाळे एमआयडीसीतून रायफल घरी आली ती सुंदर काळी, मॅट. पण पिनेचं टोक कुठे संपतं आणि बॉडी कुठे सुरू होते, तेच कळेना.

दोन-तीन ठोके मारले. पिन तसूभर हलली नाही, कडेचा टवका मात्र उडाला. मग शेजारच्या काकांकडे गेलो. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलेला माणूस. भिंगातून बघून म्हणाले, "अरे, पिन लोखंडात नाही अडकलेली, रंगात अडकलीय. आधी रंग सोडव."

सगळं मर्म त्यातच आहे. पावडर कोट, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग, साधारण 60 ते 80 मायक्रॉन जाड बसतो आणि 180 ते 200 अंशांवर भाजला की पिन आणि भोक यांच्या सांध्यावर एकसंध साल तयार होते. ठोका मारला की ती साल वाटेल तिथून फाटते आणि पिनेबरोबर बॉडीवरचा तुकडाही उचलते. म्हणून आधी नव्या, धारदार ब्लेडने पिनेच्या कडेने गोल चीर पाडा, दोन्ही बाजूंनी. घाई नको, एकाच जागी हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. त्यानंतर तेलाचा एकच थेंब. साल कापण्याआधी तेल कितीही ओता, आत जाणार नाही. जादा तेल लगेच पुसा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ते हवेच्या नळीत गेलं तर दाबाने पेटतं आणि सील खराब होतं.

हे सगळं मोकळ्या बॉडीबद्दल झालं. तुमची रायफल जोडलेली असेल तर आधी छर्रा नाही ना ते बघा, स्प्रिंग ताणलेली नाही ना ते बघा. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असेल तर हवा पूर्ण सोडा. काही मॉडेलांत ट्रिगरच्याच पिनांवर मुख्य स्प्रिंगचा जोर असतो. तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं साधन, लावल्याशिवाय पिनेला हात लावू नका. पिन सुटताच मागचे भाग तोंडावर येतात.

खिळा किंवा टोकदार सेंटर पंच वापरणं ही सर्रास होणारी चूक. त्याने पिनेचं टोक फुलतं आणि ती आणखी घट्ट बसते. सपाट तोंडाचा, पिनेपेक्षा किंचित बारीक सुंबा घ्या. 3 मिलिमीटरच्या पिनेला अडीचचा चालतो. खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा हवाच. रायफल मांडीवर घेऊन ठोकलं तर निम्मा मार मांडीच खाते. पिनेच्या एका टोकावर खाचा असतील तर त्या टोकाकडे ढकला, म्हणजे ठोका गुळगुळीत बाजूने. टोकाला छोटी सर्कलिपही (पिन धरून ठेवणारी कडी) असू शकते आणि रंगाखाली ती दिसत नाही. नखाने चाचपून बघा.

गॅसची बत्ती लावू नका. बॉडी ॲल्युमिनियमची असली तरी 3 मिलिमीटरचं भोक 60 अंशांनी तापवल्यावर पोलादी पिनेपेक्षा जेमतेम 2 मायक्रॉन जास्त फुगतं. तेवढ्यासाठी कोटिंग जाळायचं? हेअर ड्रायरची ऊब मात्र उपयोगी पडते, कारण तिने पावडर कोट थोडा नरमतो. थिनर, ॲसिटोन टाळा, चकाकीच जाते. हवेत वाळणारं सिरॅमिक कोटिंग असेल तर ते पूर्ण पक्कं व्हायला काही दिवस द्या.

माझी पिन चीर दिल्यावर पाचव्या हलक्या ठोक्याला सरकली. काकांनी मग भोकातला रंग 3 मिलिमीटरचं ड्रिल बिट नुसतं बोटांनी फिरवून काढायला लावला, मशीनवर नाही. तिथे आता उघडा धातू आहे. आमच्या खाडीकाठच्या पावसाळी हवेत तो आठवड्याभरात गंजतो, म्हणून पिन बसवताना तेलाचा पुसट हात फिरवला. उडालेला टवका अजून तसाच आहे. पुढच्या वेळी कोटिंगवाल्याकडे जाताना भोकांत सिलिकॉनचे बूच घालूनच बॉडी देणार.