शिकागोला निघालेल्या बडोदेकर मुलांनो, लारीच्या खालच्या फळीवर काही ठेवू नका

दरवर्षी जुलैत मी बडोद्याला माहेरी येते, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या ओटल्यावर संध्याकाळी चार-पाच मुलं येऊन बसतात. कोणी कलाभवनातून इंजिनियर झालेला, कोणी कॉमर्सवाली. सगळ्यांची ऑगस्टची तिकिटं काढलेली असतात. कुकर कितीचा न्यायचा? तीन लिटरचा, आणि जादा रिंग ठेवा. थंडीचे कपडे तिकडेच घ्या. घराचं तुमच्या युनिव्हर्सिटीतल्या सीनियर मुलांना विचारा, मी २०१२ साली गेले, माझे भाव जुने झाले.

मला बोलायचं आहे ते किराण्याच्या दुकानाबद्दल. ते कोणी विचारत नाही, कारण सामान आणायला काय शिकायचं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

शिकागोच्या आसपास काही मोठ्या दुकानांत आता हुशार ढकलगाड्या आल्या आहेत. तिकडे कार्ट म्हणतात, आपण लारीच म्हणू. लारीच्या कडेला कॅमेरे असतात, टोपलीच्या तळाशी वजनकाटा, मुठीजवळ पडदा. फोनवरचा कोड दाखवून लारी आपल्या नावावर घ्यायची आणि वस्तू आत ठेवत जायची. कॅमेरा वस्तूवरची बारकोडची पट्टी वाचतो, काटा वजन ताडतो, पडद्यावर बिल वाढत जातं. शेवटी ठरलेल्या वाटेने बाहेर पडलं की कार्डातून पैसे वळते होतात आणि पावती फोनवर येते. रांग नाही, कॅशियर नाही. खंडेराव मार्केटात भाजीवाली तोलते, आपण काट्याकडे बघतो, एक मिरची जास्त मागतो. इथे तोलणारेही आपण आणि चुकलं तर जबाबदारही आपणच.

भाजी-फळांना पट्टी नसते, प्रत्येकाचा ठरलेला आकडा पडद्यावर टाकावा लागतो. केळी ४०११, कोथिंबीर ४८८९. सेंद्रिय केळ्यांचा आकडा ९४०११. आता स्पष्ट बोलते, कोणाला राग आला तरी चालेल. आपल्याच काही मुलांना मी सेंद्रिय केळी ४०११ वर टाकताना पाहिलं आहे, महागडी फळं केळ्यांच्या भावाने तोलतानाही पाहिलं आहे, आणि मग पार्टीत त्याच्या फुशारक्या ऐकल्या आहेत. ही चोरी आहे. दुकानाचा कॅमेरा वरून बघत असतो, आणि दुकानांच्या काही साखळ्या पहिल्या वेळेला अडवत नाहीत, नोंद ठेवतात. एका मुलाच्या उचापतीने पुढच्या दहा जणांकडे संशयाने बघितलं जातं, हेही मी बघते आहे.

माझ्या हातून चोरी झाली नव्हती, चूक झाली होती. तरी पुढचं सगळं भोगावं लागलं, म्हणून नीट सांगते.

ऑक्टोबर २०२२, दिवाळीचा आठवडा. फराळाचं सामान लारीत भरलं. तांदळाची वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोची गोणी जड म्हणून खालच्या फळीवर ठेवली. वजनकाटा वरच्या टोपलीला असतो, फळीवरचं त्याला कळत नाही. शेवटी हाताने नोंदवीन असं मनात होतं. तेवढ्यात बडोद्याहून आईचा फोन आला, चकलीच्या भाजणीचं बोलत बोलत मी वाटेतून बाहेर पडले. ८६ डॉलर कापले गेले. २४ डॉलरचा तांदूळ त्यात नव्हता.

दाराशी रखवालदाराने अडवलं. अतिशय नम्रपणे. मी पैसे देते म्हणाले, चार वेळा म्हणाले. तो हसून "मॅडम, इथे थांबा" म्हणाला आणि पोलिसांना फोन केला. तिकडची माणसं आवाज चढवत नाहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं प्रकरण मिटलं. मिटलेलं नसतं. ठाण्यात नेलं, दहाही बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, तारीख देऊन सोडलं. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, ३०० डॉलरपर्यंतची दुकानातली चोरी हा 'अ' वर्गाचा छोटा गुन्हा आहे, पण 'छोट्या'ला एक वर्षापर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वकिलाला १,८०० डॉलर दिले, दोनदा कोर्टात गेले, खटला काढून टाकला गेला. मी सुटले असं समजले.

पुढच्या वर्षी व्हिसाचा शिक्का मारायला मुंबईला आले. फॉर्मवर प्रश्न असतो: कधी अटक झाली होती का? खटला निकालात निघाला तरी उत्तर 'हो' लिहावं लागतं. न लिहून भागत नाही, कारण व्हिसाला दहा बोटं टेकवली की ठाण्यातल्या ठशांशी ती जुळतात. माझा अर्ज चौकशीत गेला आणि मी नऊ आठवडे बडोद्यात अडकून पडले, बिनपगारी. आई रोज विचारायची, "नक्की काय झालं गं?" चोवीस डॉलरच्या तांदळाचं तिला काय सांगणार? ग्रीन कार्डाच्या अर्जातही हाच प्रश्न आहे, नागरिकत्वाच्याही. आयुष्यभर माझं उत्तर 'हो'.

जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीर इशाराच दिला: अमेरिकेत चोरी, मारहाण, घरफोडी केलीत तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढेही नाकारला जाऊ शकतो. तो तुम्हाला उद्देशून आहे असं समजूनच वाचा.

म्हणून माझे नियम. जड वस्तू आधी नोंदवायची, मग उचलायची. फळी रिकामी. स्वतःची पर्स, पाण्याची बाटली, मुलाचं खेळणं टोपलीत टाकायचं नाही, काटा गोंधळतो. दोघांनी एकाच वेळी सामान टाकायचं नाही, एकाने ठेवायचं, दुसऱ्याने पडदा बघायचा. वस्तू परत ठेवली तर पडद्यावरून गेली का ते पाहायचं. बाहेर पडण्याआधी एका बाजूला उभं राहून पडद्यावरच्या ओळी आणि टोपलीतल्या वस्तू मोजायच्या. आणि लारी ढकलताना फोन घ्यायचा नाही. आईचा तर नाहीच. तरीही अडवलंच तर पळू नका, वाद घालू नका, कशावर सही करू नका, वकील मागा आणि युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला कळवा.

आता तळहाताचं. सप्टेंबर २०२० मध्ये अमेझॉनने सिएटलच्या दुकानांत तळहात दाखवून पैसे द्यायची सोय आणली. यंत्र रेषा आणि कातडीखालच्या शिरा वाचतं आणि कार्डाशी जोडतं. माझी मावसबहीण तिथे असते, तिने पहिल्या महिन्यात हात नोंदवला. मग ही सोय अमेझॉनच्याच होल फूड्स या किराणा साखळीत पसरली, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने दुकानांतून ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. पाच-सहा वर्षांत सोय संपली, हात मात्र बहिणीला तोच वापरायचा आहे. कार्ड हरवलं तर नवं मिळतं.

आपण भारतातून गेलेले लोक यात फार भोळे असतो. रेशनला अंगठा, सिमकार्डाला अंगठा, बँकेत अंगठा, म्हणून तिकडेही कोणी यंत्र पुढे केलं की हात आपोआप पुढे जातो. इलिनॉयच्या लोकांनी हे आधी भोगलं आहे. तिथल्या किराणा दुकानांत बोट टेकवून पैसे द्यायची सोय पूर्वीच आली होती. ती चालवणारी पे बाय टच कंपनी २००७ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि लोकांना घोर लागला की आमचे ठसे आता कोणाच्या हाती जाणार. त्यानंतर २००८ साली राज्याने बायोमेट्रिक माहितीचा कायदा केला. ठसा, तळहात किंवा चेहऱ्याची आखणी घेण्याआधी दुकानाने कशासाठी आणि किती काळ ठेवणार ते लेखी सांगायचं आणि तुमची लेखी संमती घ्यायची. विकायची तर मुळीच नाही. मोडला तर सामान्य माणूस स्वतः दावा लावू शकतो: निष्काळजीपणाला १,००० डॉलर, जाणूनबुजून केलं तर ५,०००. याच कायद्याखाली फेसबुकला ६५ कोटी डॉलर द्यावे लागले. बहुतेक राज्यांत एवढं संरक्षण नाही, म्हणून शिकागोला जाणाऱ्यांनी हा हक्क ओळखून असावं. पडद्यावर 'मान्य' दाबायच्या आधी वाचा. मी कुठेच दाबत नाही.

चेहऱ्याचं तर आणखी वाईट. राइट एड या औषधांच्या साखळीने चेहरे ओळखून संशयित चोर हेरणारी यंत्रणा लावली होती, आणि ती निरपराध ग्राहकांना चोर ठरवत होती, कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्तीतल्या दुकानांत जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने त्या साखळीला अशी यंत्रणा वापरायला पाच वर्षांची बंदी घातली. आपले चेहरे कोणत्या रांगेत येतात ते सांगायला नको.

लारी नको वाटली तर माणूस बसलेला काउंटर मागा, अजून असतो. भारतीय सामानाला डेव्हन अव्हेन्यूवर, शिकागोतल्या आपल्या दुकानांच्या रस्त्यावर जा.

आणि निघण्याआधी एक संध्याकाळ घरच्यांसाठी काढा. आई-बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या, फोनवरच्या ॲपमधून होतं. रेशनला किंवा बँकेत लागेल तेव्हा कसं उघडायचं ते त्यांच्याकडून दोनदा करवून घ्या. तुम्ही तिकडे गेल्यावर इथे त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवायला कोणी नसणार.