टॅबलेट आणि स्वस्त ब्लूटूथ कळफलकावर मराठी लेखन

हजार रुपयांच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ कळफलक टॅबलेटला जोडला की प्रवासात लिहिण्याची सोय होते, हे खरे. मात्र असे कळफलक इंग्रजी लिहिणारा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असतात. मराठी लिहिणाऱ्याने म्हणून निवड करताना रंग आणि जाडी नंतर पाहावी. आधी उजव्या बाजूच्या कळा पाहाव्यात.

यामागचे कारण इनस्क्रिप्ट या, भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या प्रमाण मांडणीत आहे. तिच्यात काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. इंग्रजीत अर्धविरामाची असलेली कळ तिथे 'च' होते, तिच्या शेजारची अवतरणचिन्हाची कळ 'ट', डाव्या चौकटी कंसाची 'ड', तिरप्या रेघेची 'य', तर बरोबरच्या चिन्हाची कळ 'ृ' देते. इंग्रजीत क्वचित लागणाऱ्या म्हणून छोट्या कळफलकांवर नेमक्या याच कळा अरुंद केलेल्या किंवा भलतीकडे हलवलेल्या आढळतात. शिवाय अ, आ, इ, उ, ए, ण अशा डाव्या हाताखालच्या अक्षरांसाठी उजव्या हाताने शिफ्ट सतत दाबावी लागत असल्याने उजवी शिफ्ट बोटभर रुंदीचीच असेल, तर पानभर मजकुरातच हात अवघडतो. दुकानात कळफलक हाताळायला मिळाला, तर 'उघड्या वाटीतली चटणी' हे शब्द लिहून पाहावेत. य, ड, ट, च आणि शिफ्ट या सगळ्यांची परीक्षा एकदम होते. पूर्ण आकाराच्या कळफलकावर दोन कळांच्या मध्यांत सुमारे 19 मिलिमीटर अंतर असते. त्याहून फार दाट मांडणी मोठ्या बोटांना सोसत नाही.

जोडणी सोपी आहे. कळफलकावरचे जोडणीचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवावे, टॅबलेटच्या ब्लूटूथ यादीतून त्याचे नाव निवडावे आणि पडद्यावर आकडा आल्यास तो टंकून एंटर दाबावे. काही कळफलकांवर अँड्रॉइड, आयओएस आणि विंडोज यांसाठी वेगवेगळे मोड असतात. कळा भलतेच काही करू लागल्या, तर आधी तो मोड तपासावा.

खरी अडचण यानंतर येते. पडद्यावरच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याची सवय झालेल्यांना कळफलक जोडल्यावर ही सोय बहुतेकदा अचानक नाहीशी झालेली दिसते आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे उमटू लागतात. अशा वेळी सेटिंग्जमध्ये बाह्य कळफलकाच्या विभागात जाऊन मराठी किंवा हिंदी मांडणी आहे का, ते पाहावे. ती नसल्यास इनस्क्रिप्ट देणारे एखादे कीबोर्ड ॲप घ्यावे. मात्र ते बाह्य कळफलकावरही चालते की केवळ पडद्यावर, याची खात्री कळफलक परत करण्याची मुदत संपण्याआधीच करावी. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना रेमिंग्टन मांडणी जवळची वाटेल, पण नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावे, असे माझे मत आहे: संगणकावरही ती सहज उपलब्ध असते, त्यामुळे शिकलेले वाया जात नाही. पहिले काही दिवस वेग निम्म्यावर येतो आणि चिडचिड होते, तेवढे सोसावे.

'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' अनेकांना अडवतो. साधा 'र', हलन्त आणि 'य' लिहिल्यास 'र्य' होतो. म्हणून शिफ्टसह 'र'ची कळ दाबून 'ऱ' घ्यावा आणि मग हलन्त व 'य' जोडावा.

बसण्याची व्यवस्था साधी असावी. टॅबलेट घडीच्या स्टँडवर ठेवावा. गाडीत मांडीवर लिहायचे झाल्यास परीक्षेला नेतो तो क्लिपचा पॅड कळफलकाखाली घ्यावा; यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी साधन मला सापडलेले नाही. लिहिण्याची फाइल घरून निघण्यापूर्वीच ऑफलाइन उघडेल अशी करून ठेवावी, कारण घाटात नेटवर्क जाते.

काही मिनिटे हात थांबला की कळफलक झोपतो आणि पुन्हा लिहू लागताना पहिले एक-दोन ठोके गिळतो, म्हणून आधी एखादी निरुपद्रवी कळ दाबून त्याला जागे करावे. पिशवीत ठेवताना मात्र त्याचे बटण न विसरता बंद करावे. मी एकदा ते विसरलो होतो आणि उघड्या राहिलेल्या लेखाच्या शेवटी ओळीमागून ओळी केवळ 'ट' उमटले होते.