चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? या चुका टाळा

गाडी गॅरेजात आली की माझा पहिला प्रश्न असतो, ‘कोड कुणी पुसलाय का?’ बहुतेकदा उत्तर ‘हो’ येतं आणि तिथेच माझा अर्धा दिवस जातो. कोड म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदला जाणारा दोषाचा क्रमांक.

मोबाइलच्या अ‍ॅपवरून कोड पुसायचा, नाहीतर बॅटरीची तार काढून ठेवायची, आणि दिवा विझला की गाडी दुरुस्त झाली समजायचं. यापेक्षा महाग पडणारी चूक मला माहीत नाही. कोड नोंदला जातो त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती, वेग किती, हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. शिवाय बरेचसे दोष गाडी सुरू करून बंद करेपर्यंतच्या लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसल्याशिवाय दिवा लागतच नाही, त्यामुळे ‘काल पुसला, आज लागला नाही’ याने काहीच सिद्ध होत नाही. मी स्कॅनर लावला की आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढतो, कोड जॉब कार्डावर हाताने लिहितो आणि मगच बॉनेट उघडतो.

दुसरी चूक म्हणजे कोडला पार्टचं नाव समजणं. पी०१७१ आला की धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर मागवायचा, पी०४२० आला की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट. कोड फक्त ईसीयूला काय दिसलं तेवढंच सांगतो. ते तसं का दिसलं, हे आपण शोधायचं असतं.

वाईहून एक शिक्षक गाडी घेऊन आले होते. पेट्रोल हॅचबॅक, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. आधीच्या दोन गॅरेजांत ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलून झाला होता, फ्यूएल पंप एकदा, इंजेक्टर साफ करून झाले होते. दर आठ-दहा दिवसांनी दिवा हजर. मीही पहिल्या खेपेला हवेचे पाइप तपासले, काही सापडलं नाही, गाडी परत दिली. सहाव्या दिवशी सर पुन्हा दारात.

या वेळी प्लग काढले, तर चारही काजळीने काळे. कोड म्हणतोय पेट्रोल कमी, प्लग म्हणतायत पेट्रोल जास्त. अशा वेळी मी प्लगवर विश्वास ठेवतो. सरांना खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘सकाळी सुरू केली की शिलाई मशीनसारखी टकटक येते, पण गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत थांबते.’ हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आणि वाईहून येईपर्यंत इंजिन तापलेलं असायचं, म्हणून तो आवाज एकाही मेकॅनिकच्या कानावर पडला नव्हता.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी साडेसहाला थंड इंजिन सुरू केलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांभोवती, फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी टकटक स्पष्ट आली, आणि तिथेच गॅस्केटच्या, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीच्या, कडेला काजळीचा ओघळ दिसला. सेन्सरच्या आधी फट असली की धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी ओततो. लोखंड तापून फुगलं की फट बरीचशी मिटते, आवाज थांबतो. गॅस्केट बदललं, ते चारशे रुपयांच्या आतलं होतं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, तो कोड परत आलेला नाही. रात्रभर गाडी ठेवायला नकार देणाऱ्यांना मी आता थेट सांगतो, मग हा दोष मला सापडणार नाही.

पी०४२० साठीही आधी अशी गळती बघा. कॅट खरंच गेला असेल तर तो कशामुळे गेला ते शोधा, नाहीतर नवाही जाईल.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबायचं. हे मी कळकळीने सांगतोय. लुकलुकणं म्हणजे जोरदार मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. ‘घरापर्यंत नेतो’ म्हणणाऱ्यांची मिसफायरची छोटी दुरुस्ती मग कॅटच्या खर्चापर्यंत पोहोचते. कोड पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, असेल तर त्याची ठिणगी देणारी कॉइल तिसऱ्याच्या कॉइलशी अदलाबदल करून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. नवी कॉइल विकत घेण्याआधी ही दहा मिनिटं द्या.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, हा सल्ला अमेरिकन व्हिडिओंतून येतो. तिथल्या गाड्या टाकीची गळती स्वतः तपासतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या तसं तपासत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका.

सीएनजीवरच दिवा लागतो? आधी प्लग आणि कॉइल बघा. सीएनजीला ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून कमजोरी तिथे आधी उघडी पडते.

पावसाळ्यात उंदीर सेन्सरच्या तारा कुरतडतात. कपलर ओढून बघा, तार बोटांनी शेवटपर्यंत चाचपा. तुटलेली तार नुसती पिळून टेप गुंडाळू नका, ओल शिरून तांबं हिरवं पडतं आणि दिवा परत येतो. मी सोल्डरिंगचा डाग देऊन वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी चढवतो.