अमेरिकेत सीएनए: पहिली नोकरी कुठे धरावी, पुढे कुठे जावं

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरचं दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वेगळा: अंथरुणाला खिळलेली, विसराळूपणा बळावलेली वृद्ध माणसं जिथे कायमची राहतात, किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे येऊन राहतात, ती जागा. नर्सच्या हाताखाली पेशंटची रोजची सेवा करणारे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, यांच्या प्रशिक्षणाचा 1987 चा फेडरल (केंद्र सरकारचा) कायदा याच जागांसाठी झाला. म्हणून पहिला अर्ज तिथेच करावा. तिथे पगार फार मिळतो असं नाही, पण कोर्सची फी वाचते.

कागद आणि कोर्स

एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, हातात पडल्याशिवाय काम धरू नका. एफ-2 (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा) किंवा व्हिजिटर व्हिसावर कामाची मुभाच नाही. शेजारच्या आजींना रोखीत सांभाळणंही त्यातच आलं.

कोर्सचं फेडरल किमान 75 तासांचं आहे, पण राज्यं ते वाढवतात: न्यू जर्सीत 90, कॅलिफोर्नियात 160. नर्सिंग होमने आधी नोकरी दिली किंवा लेखी ऑफर दिली, तर ते तुमच्याकडून कोर्सची फी घेऊ शकत नाहीत. मात्र चार महिन्यांत परीक्षा पास व्हावी लागते. आधीच पदरचे पैसे भरले असतील तर पावत्या जपा. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांच्या मान्यतेच्या नर्सिंग होममध्ये 12 महिन्यांच्या आत लागलात, तर ते पैसे परत मागता येतात.

परीक्षेच्या प्रात्यक्षिकात माणसं अडतात ती साध्या गोष्टींवर. साबण 20 सेकंद चोळायचा राहतो, धुतलेल्या हाताने नळ बंद केला जातो, निघताना बेलचं बटण पेशंटच्या हाताशी ठेवलं जात नाही.

कुठे काय काम

नर्सिंग होममध्ये पाळ्या बहुधा 7 ते 3, 3 ते 11 आणि 11 ते 7. मुलाखतीत एक प्रश्न विचाराच: एका सीएनएकडे दिवसा किती माणसं आणि रात्री किती? दिवसा आठ-दहा असतील तर निभतं. आकडा पंधराच्या पुढे गेला की घाई होते आणि घाईत पाठ जाते.

पाठ कशी जाते ते पलंगावरून व्हीलचेअरवर बसवताना कळतं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. पेशंटला काठावर बसवून मिनिटभर थांबायचं, चक्कर येत नाही ना ते पाहायचं. गेट बेल्ट (पेशंटला धरायचा रुंद पट्टा) कपड्यांवरून कमरेला बांधायचा, खालून मुठीत धरायचा, गुडघे वाकवून तिनाच्या ठोक्याला उठवायचं. काखेत हात घालून ओढलं तर पेशंटचा खांदा आणि तुमची कंबर, दोन्ही दुखावतात. उचलायचं यंत्र वापरायचं असेल तर दोघं हवेत, एकटीने धाडस नको.

हॉस्पिटलमध्ये पाळी बहुधा 12 तासांची. रक्त घेणं, ईसीजी काढणं शिकलात तर पेशंट केअर टेक्निशियन म्हणून घेतात, पण बरीच हॉस्पिटलं आधी अनुभव मागतात.

घरी जाऊन सेवा करण्यात एकच पेशंट असतो, पण मदतीलाही कोणी नसतं. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या गावात मराठी, हिंदी, गुजराती येणाऱ्या बाईला आजी-आजोबा पटकन स्वीकारतात. पण न्यू जर्सीत या कामाचं सर्टिफिकेट वेगळं असतं, नुसतं सीएनए चालत नाही. कॅलिफोर्नियात सीएनएला वरचे 40 तास करावे लागतात. एजन्सीकडून एका दिवसात एका घरून दुसऱ्या घरी जाता, त्या प्रवासाचा वेळ कामाचा धरला जातो. पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसतो का, पाहा.

डायलिसिस सेंटरमध्ये यंत्रावरचं काम शिकवतात, पण तिथलं स्वतंत्र सर्टिफिकेट 18 महिन्यांत मिळवावं लागतं. असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे थोडीच मदत लागणाऱ्या वृद्धांच्या निवासात, अंगमेहनत कमी, शिकायलाही कमी.

नाव चालू ठेवणं आणि पुढची पायरी

सलग 24 महिने पगारी काम झालं नाही, तर रजिस्ट्रीतलं (राज्याच्या सीएनएंच्या यादीतलं) नाव गळतं आणि पुन्हा कोर्स किंवा परीक्षा करावी लागते. घरच्या सासूबाईंची सेवा त्यात धरत नाहीत. बाळंतपण किंवा भारतातला लांबचा मुक्काम ठरवताना शेवटच्या पगाराची तारीख लिहून ठेवा.

पुढे साधारण वर्षभरात एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, होता येतं (कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये त्यालाच एलव्हीएन म्हणतात). कम्युनिटी कॉलेजातून आरएनचा (रजिस्टर्ड नर्सचा) कोर्स दोन वर्षांचा म्हणतात, पण त्याआधीचे अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी हे विषय वेगळे. नोकरी करता करता ते एकेक करून संपवता येतात.

भारतात जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग केलं असेल तर सीएनए हा फक्त तात्पुरता आधार. आरएनच्या परीक्षेआधी शिक्षणाची पडताळणी लागते आणि कॉलेजने गुणपत्रकं थेट पाठवावी लागतात. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, तेव्हा तो अर्ज सीएनएच्या पहिल्या पगाराआधीच टाकावा.