दिवाळीत पोर गप्प झालंय? भरीत भाजायला सोबत न्या

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरतं आणि दहावी-बारावीचं पोर खोलीत दडतं. समोर बसवून विचारलं की उत्तर एकच, "काही नाही."

१. शेतात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजायला त्याला सोबत घ्या. नजर जाळावर असली की बोलणं सुटतं. वांगी जास्तच घ्या, तेवढाच वेळ मिळतो.
२. तुम्ही फक्त ऐका. (आपल्याला हेच जमत नाही.)
३. "मार्कांचं विचारू नका," असं मामा-काकांना आधीच फोनवर सांगून ठेवा.

झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास. मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.