लिनक्ससाठी टॅब्लेट घेताना

टॅब्लेटवर लिनक्स डेस्कटॉप चालवायचा असेल तर स्क्रीनच्या आधी प्रोसेसर बघा. इंटेल किंवा एएमडीच्या टॅब्लेटमध्ये यूईएफआय (मशीन सुरू करणारं अंगभूत फर्मवेअर) असतं, म्हणून लॅपटॉपप्रमाणेच पेनड्राइव्ह लावून फेडोरा किंवा डेबियनसारखी लिनक्सची डिस्ट्रो (तयार आवृत्ती) सुरू होते. आर्म जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या अँड्रॉइड टॅब्लेटचं तसं नाही. बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) बहुधा लॉक असतो, आणि तो उघडला तरी त्या नेमक्या मॉडेलचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कुणीतरी आणलेले असावे लागतात. घरात पडलेल्या स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेटवर वेळ घालवू नका.

इंटेल असला म्हणजे झालं, असंही नाही. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतल्या ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसरचे टॅब्लेट जुन्या बाजारात फार स्वस्त मिळतात. त्यांत प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं. त्यामुळे बऱ्याच डिस्ट्रोंचा पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही. त्यावर तोडगा आहे, पण २ जीबी रॅममध्ये ब्राउझर उघडला की मशीन रडायला लागतं. हे घेऊच नका.

रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. म्हणून ८ जीबी हवीच. साठवण ईएमएमसी (मेमरी कार्डासारखी हळू चिप) नको, एसएसडी घ्या. मायक्रोसॉफ्टचा २०१८ चा सरफेस गो दोन्ही प्रकारांत आला होता: ४ जीबी रॅम व ६४ जीबी ईएमएमसी, किंवा ८ जीबी रॅम व १२८ जीबी एसएसडी. दुसराच घ्या. त्याचा टच साध्या कर्नलवर चालतो. सरफेस प्रो ४ ते ७ मध्ये मात्र टच आणि पेनसाठी सरफेससाठी बदललेलं लिनक्स-सरफेस कर्नल आणि आयपीटीएसडी हा टच हाताळणारा प्रोग्राम लागतो. सिक्युअर बूट (फक्त ओळखीच्या सहीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवायचं तर त्या कर्नलची किल्ली पुढच्या बूटला नोंदवावी लागते, तेव्हा कीबोर्ड जोडलेला असू द्या.

कॅमेऱ्याची फार आशा धरू नका. बऱ्याच इंटेल टॅब्लेटमधला कॅमेरा यूएसबीवर नसतो, थेट प्रोसेसरच्या इमेजिंग युनिटला जोडलेला असतो. लिबकॅमेरा या लिनक्सच्या कॅमेरा सॉफ्टवेअरने तो कधी चालतो, कधी नुसतं अंधुक चित्र देतो. रोजच्या मीटिंग असतील तर वेगळा वेबकॅम धरूनच बजेट ठरवा.

पैसे देण्याआधी मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवर, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल न करता, चालवून बघा. सोबत यूएसबी-सी हब आणि कीबोर्ड न्या. सरफेसवर आवाज कमी करायचं बटण दाबून धरा आणि पॉवर दाबा, की पेनड्राइव्हवरून सुरू होतं. मग वायफाय जोडा, दोन बोटांनी पान सरकवा, टॅब्लेट उभा-आडवा फिरवा. स्क्रीन फिरली नाही तर टर्मिनलमध्ये 'मॉनिटर-सेन्सर' (monitor-sensor) ही कमांड चालवा. तिथेही काही हललं नाही तर सेन्सरचा ड्रायव्हरच नाही असं समजा. शेवटी बॅटरीची टक्केवारी बघून अर्धा तास स्लीपमध्ये ठेवा. तेवढ्यात चार-पाच टक्के उतरली तर रात्रभरात अर्ध्याहून जास्त बॅटरी संपणार.

कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली जुनी मशीनं घेताना फर्मवेअरमध्ये जाऊन बघा. तिथे पासवर्ड असेल तर डिस्क फॉरमॅट करूनही तो जात नाही. विक्रेत्याकडून समोर काढून घ्या, नाहीतर मशीन तिथेच ठेवा. टॅब्लेट सपाट टेबलावर ठेवून काचेची कड डोळ्यांच्या रेषेत बघा. ती कुठे किंचित उचललेली दिसली तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. सरफेसची काच चिकटवलेली असल्यामुळे बॅटरी बदलताना ती सहज तडकते.