पहिली टर्म घालण्याआधी आयडी रेंज मागून घ्या

मी सांगलीत घरी बसून पिकांच्या गुणधर्मांच्या ऑन्टोलॉजीवर काम करते. ऑन्टोलॉजी म्हणजे संगणकाला कळेल अशी, एकमेकींशी जोडलेल्या संज्ञांची यादी. त्यातली प्रत्येक संज्ञा म्हणजे टर्म, आणि तिचा ठरलेला आकडा म्हणजे आयडी. बॉटनीत एमएस्सी केलेल्यांना हे नक्की जमतं, प्रोग्रॅमिंगची धास्ती घेऊ नका. हात बसवायला वेबप्रोटेजे हे ऑन्टोलॉजी लिहायचं सॉफ्टवेअर चांगलं. ब्राउझरमध्ये चालतं, टर्मवरच कॉमेंट टाकता येते, कुणी काय बदललं ते दिसतं. पण 1998 साली सुरू झालेल्या जीन ऑन्टोलॉजीसारख्या (जनुकांच्या कामांची ऑन्टोलॉजी) मोठ्या प्रकल्पांचं काम गिटहबवर, म्हणजे फाइलींचे सगळे बदल नोंदवून ठेवणाऱ्या साइटवर चालतं. तिथे डेस्कटॉपवरचं प्रोटेजे, स्वतःची ब्रँच (कामापुरती वेगळी प्रत) आणि पुल रिक्वेस्ट (ते बदल मूळ प्रतीत घ्या अशी विनंती) याला पर्याय नाही.

मी अडकले ती आयडीवर. नाव बदललं तरी टर्मचा आकडा बदलत नाही, कारण लोकांचा डेटा त्या आकड्याला जोडलेला असतो. टर्म बाद झाली तरी ती ऑब्सोलीट म्हणून राहते, तिचा आकडा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. म्हणून प्रत्येक एडिटरला आकड्यांची वेगळी रेंज ठरवून देतात. प्रोटेजेच्या प्रेफरन्सेसमध्ये 'न्यू एंटिटीज'खाली ती भरलेली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी बघितलं नव्हतं. मी 'हळकुंडाची लांबी' घातली, त्याच आकड्यावर सहकाऱ्याने 'देठाची लांबी' घातली होती. मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना कॉन्फ्लिक्ट आला (दोन्ही बदल एकाच जागी भिडले), तर घाईत दोन्ही बाजू ठेवल्या. फाइल उघडली, सगळं ठीक दिसलं. पण ऑन्टोलॉजीला नाव कळत नाही, आकडाच कळतो. तिच्या लेखी हळकुंड आणि देठ एकच झाले. रोबोट नावाच्या, ऑन्टोलॉजी तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या रिपोर्टने एका टर्मला दोन लेबलं म्हणून एरर दिला, तेव्हा उलगडलं. निस्तरायला दोन दिवस गेले. त्या दोन रात्रींची धडधड अजून आठवते.

कॉन्फ्लिक्ट न वाचता मिटवणं हा शॉर्टकट कधीच घेऊ नका. आणि 'पाठव, मी करून टाकतो' म्हणणारा मेंटॉर टाळा. माझ्या मॅडमनी फाइलला हात लावला नाही. स्क्रीन शेअर करायला लावून एकेक ओळ माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली. मला तरी काम तिथेच कळलं.

चूक झाली म्हणून कुणी हाकलत नाही, गिटमध्ये जुनी प्रत असतेच. सुरुवात एका छोट्या इश्यूपासून (गिटहबवर नोंदवलेल्या कामापासून) करा. समानार्थी शब्द घालण्याचं काम नवख्याला झेपतं. मार्केट यार्डात हळदीचा गड्डा वेगळा आणि हळकुंड वेगळं विकतात. हा फरक आपल्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही, ऑन्टोलॉजीत मात्र तो कुणीतरी लिहावा लागतो.